कणकण अंगात की मनात?

"डॉक्टर, अंगात कणकण आहे, एखादी भारी गोळी लिहून द्या." ही मागणी दवाखान्यात रोजचीच. थर्मामीटर लावावा तर ताप नाही, घसा स्वच्छ, छाती साफ. थोडे बसवून विचारले की कळते, झोप पहाटे तीनला उडते, अन्नावरची वासना गेली आहे, कशात मन लागत नाही. दोन आठवडे असेच चालले असेल तर हा नैराश्याचा आजार असू शकतो. पण अंगदुखी सांगायला सोपी, उदासी सांगायला अवघड. त्यामुळे हाती पडते ते प्रतिजैविक. पाच दिवसांनी कणकण तशीच. मग दुसरा दवाखाना, त्याहून भारी गोळी.

२०१५ साली ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याचे दोन लाखांहून अधिक रुग्ण होते. पूर्वी पेनिसिलिनचा एक कोर्स घेतलेल्यांत नैराश्याची जोखीम सुमारे २३ टक्के जास्त आढळली, पाचाहून अधिक कोर्स घेतलेल्यांत ५६ टक्के. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्याचा परिणाम मनावर होतो, असा संशोधकांचा तर्क आहे. असेलही, सिद्ध झालेले नाही. मला दुसरीही शंका येते. निदान होण्यापूर्वी वर्षानुवर्षे मन खचलेला माणूसच अंगाच्या तक्रारी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या जास्त झिजवत असेल.

काही औषधे मात्र खरोखरच मनावर येतात. हट्टी क्षयरोगात दिले जाणारे सायक्लोसेरीन घेताना उदासी किंवा भ्रम दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका, क्षय उलटतो.

सेफिक्झीमसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि रुग्णाचे नाव वहीत नोंदवावे, असा नियम २०१४ पासून आहे. तरी मेडिकलच्या काउंटरवर ती मागताना कोणी संकोचत नाही. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात मात्र ओळखीचे कोणी पाहील म्हणून पदर डोक्यावर ओढला जातो! ज्या घरात कोणी "आता जगणे नको" म्हणू लागले आहे, तिथे हा संकोच जिवावर बेतू शकतो. अशा माणसाला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येते.