मुलींनाही खेळायला वेळ हवा



मला असे वाटते की रोज खेळल्याने अभ्यास बुडत नाही, उलट चांगला होतो. पण घरी सगळे विचारतात, खेळून कुणाचे पोट भरते? आणि मुलगी असली तर आणखी एक वाक्य ठरलेलेच, "पोरीच्या जातीने एवढे धावू नये."

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. बाईंनी मनगटाची नाडी कशी बघायची ते दाखवले. बसलेली असताना माझी नाडी एका मिनिटात ८८ वेळा पडली. मैदानाला तीन फेऱ्या मारून आल्यावर १४० झाली. माझ्या मैत्रिणीची तर मोजताच येईना, कारण ती हसतच होती. बाई म्हणाल्या, हृदय जोरात चालले की रक्त लवकर फिरते, मेंदूलाही जास्त मिळते. त्या दिवशी गणिताच्या तासाला कुणी पेंगले नाही. एरवी खिचडी खाल्ल्यावर अर्धा वर्ग डुलत असतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असे खेळावे. त्याने हाडे बळकट होतात. आपला खेळाचा तास ३५ मिनिटांचा, तोही रोज नसतो.

मला खो-खो सगळ्यात आवडतो. पैसे लागत नाहीत. दोन खांब आणि फक्कीच्या रेघा, झाले! आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने बसतात. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. कुणाला खो द्यायचा ते पळता पळता ठरवायचे. डोके नसेल तर नुसते पाय काय कामाचे?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. कप्तान प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राच्या. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावल्या. त्या शेतकऱ्याच्याच घरच्या. त्याही पोरीच ना?

आजोबा सांगतात, पूर्वी भात कापले की खाचरात खेळता येई. आता आपल्या पनवेल तालुक्यात कितीतरी खाचरांवर इमारती झाल्या, विमानतळसुद्धा झाला. राहिले शाळेचे मैदान. पण शाळा सुटल्यावर तिथे फक्त मुलगे दिसतात. मुली पळत घरी जातात, कारण साडेपाचला नळाला पाणी येते आणि धाकट्या भावंडांना बघायचे असते. कामाचा मला कंटाळा नाही. मला फक्त अर्धा तास पाहिजे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमचा मुलींचा सामना आहे. सगळ्या आयांनी बघायला यावे. आणि पाण्याला एक दिवस आम्हाला पाठवा, एक दिवस दादाला.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी