टायफॉइडची पट्टी पाहून औषध सुरू करू नका. आधी ब्लड कल्चर करा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि मुंबईच्या इतर उपनगरांतल्या सर्व पालकांना, फॅमिली डॉक्टरांना व लॅबचालकांना आवाहन

पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, साधे विषाणूजन्य ताप आणि टायफॉइड एकाच वस्तीत एकाच वेळी फिरतात. पहिले तीन-चार दिवस ते सारखेच दिसतात. अशा वेळी लॅबमधल्या पट्टीवर काही मिनिटांत रेघ उमटते, ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हाती येतो आणि त्याच संध्याकाळी अँटिबायोटिकचा पहिला डोस मुलाच्या पोटात जातो. ही घाई थांबवा.

बाजारात सर्रास वापरली जाणारी पट्टी टायफॉइडचा जंतू शोधत नाही. ती शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. 1896 पासून चालत आलेली विडाल चाचणीही तेच करते. ही प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून टायफॉइड असूनही सुरुवातीला रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. उलट, जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं रक्तात रेंगाळतात आणि दुसऱ्याच तापाच्या मुलावर टायफॉइडचा शिक्का बसतो.

जगभरच्या अभ्यासांचा 2017 मधला कॉक्रेन आढावा सांगतो, की प्रतिपिंडं शोधणाऱ्या टायफिडॉट प्रकारच्या चाचण्या टायफॉइडचे सुमारे 84 टक्के रुग्ण पकडतात आणि टायफॉइड नसलेल्यांपैकी 79 टक्क्यांनाच ‘नाही’ असं बरोबर सांगतात. आकडे ऐकायला बरे वाटतात, पण हिशेब करून पाहा. तापाच्या 100 मुलांपैकी 10 जणांना खरोखर टायफॉइड आहे असं धरा. पट्टी त्यांतले आठ पकडेल, दोन सोडेल. उरलेल्या 90 पैकी 19 मुलांनाही ती पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे 27 पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी 19 चुकीचे. त्यांतल्या एखाद्याला डेंग्यू किंवा मलेरिया असेल, तर त्याचे मोलाचे दिवस वाया जातील.

रक्तातला जंतू वाढवून पाहणारं ब्लड कल्चरही सर्वज्ञ नाही. टायफॉइडच्या 10 रुग्णांपैकी साधारण सहाच त्यात सापडतात, कारण एक मिलिलीटर रक्तात अनेकदा जेमतेम एखादा जिवंत जंतू असतो. म्हणूनच रक्त पुरेसं घ्यावं लागतं आणि अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं लागतं. पण जंतू वाढला, तर निदान पक्कं होतं आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल हेही कळतं. पट्टी हे कधीच सांगू शकत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या नेहमीच्या इंजेक्शनाला दाद न देणारे टायफॉइडचे जंतू मुंबईतल्या रुग्णांमध्ये आढळल्याचं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. अंदाजाने औषध देण्याचे दिवस संपले आहेत.

म्हणून कळकळीची विनंती:

पालकांनो, घरात उरलेलं किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेलं अँटिबायोटिक देऊ नका. ताप तीन-चार दिवस हटत नसेल आणि कारण सापडत नसेल, तर ‘डॉक्टर, औषधाआधी कल्चर करायचं का?’ असं स्पष्ट विचारा. मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी टाळू नका. मूल सुस्त पडलं, सतत उलट्या होऊ लागल्या, पोट फुगलं, शीतून रक्त गेलं, लघवी कमी झाली किंवा झटके आले, तर थेट रुग्णालय गाठा. तिथे रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू होऊ द्या.

डॉक्टरांनो, एकट्या पट्टीवर किंवा एकाच विडालवर टायफॉइडचं निदान करू नका.

लॅबचालकांनो, ‘फीव्हर पॅकेज’मध्ये पट्टी आपसूक जोडू नका. कल्चरच्या बाटलीत मुलाच्या वयानुसार पुरेसं रक्त घ्या.

मुंबई महापालिकेने तिच्या ‘आपला दवाखाना’ या दवाखान्यांत आलेल्या मुलाचा कल्चरचा नमुना कूपर, राजावाडीसारख्या रुग्णालयांपर्यंत त्याच दिवशी पोहोचेल अशी सोय करावी. खाडीपलीकडच्या नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडच्या कॉन्जुगेट लशीची मोहीम काढून एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली. आपल्या उपनगरांतल्या मुलांनाही ती मोफत मिळायला हवी. तोवर सहा महिन्यांवरील मुलांच्या लशीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि पाणी उकळूनच प्या.

कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस, कधी पाच लागतात. मुलाची प्रकृती स्थिर असेल, तर तेवढा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबता येतं. पण औषध आधी गेलं, तर कल्चरची संधी हातची जाते.