बंदुकीने वाघ मारला. ओळखला मात्र नाही

१/ ‘वाघाविषयीचे ज्ञान जगाला शिकाऱ्यांनी दिले’ हे विधान आजही मोठ्या विश्वासाने केले जाते. साहेबांच्या शिकारकथांवर वाढलेल्या वाचकाला ते पटतेही. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

२/ मोहेंजोदडोच्या मुद्रांवर झाडावर बसलेला माणूस आणि खालून मान वळवून त्याच्याकडे पाहणारा पट्टेरी वाघ कोरलेला आढळतो. या मुद्रा चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या आहेत. माणूस वाघाला निरखू लागला, तेव्हा बंदूक जन्मालाही आली नव्हती.

३/ १७५८ साली लिनियसने वाघाला ‘फेलिस टायग्रिस’ हे शास्त्रीय नाव दिले. त्याचे वर्गीकरणाचे कार्य थोरच. पण त्याने आशियात कधी पाऊल ठेवले नव्हते. नाव देणे म्हणजे शोध लावणे नव्हे.

४/ पुढे इंग्रजी राजवटीने वाघाला उपद्रवी ठरवून त्याला मारणाऱ्यास इनाम लावले. मग शिकारी साहेब कोणत्या प्रश्नावर हिरिरीने वाद घालत? मेलेला वाघ किती फूट भरला! नाकाशी व शेपटाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजावे, की अंगाच्या वळणावरून फीत फिरवावी? याला प्राणिशास्त्र म्हणावे काय?

५/ वाघ कोणत्या नाल्यात बसला आहे, पाण्यावर कधी येतो, हे साहेबाला कोण सांगे? माग काढणारे आणि हाका घालणारे गावकरी. ज्ञान त्यांचे, मचाण साहेबाचे, आणि पुस्तकावर नावही साहेबाचेच.

६/ ‘मग जिम कॉर्बेट?’ हा आक्षेप रास्त आहे. परंतु कॉर्बेटचे मोठेपण ठसे वाचण्यात आणि रानातले इशारे ऐकण्यात होते. त्यासाठी चाप ओढावा लागत नाही. पुढे त्याने स्वतःच कॅमेरा जवळ केला.

७/ ती वाट एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने दाखवली होती. वाटेवर तार ताणून तो वाघाकडूनच वाघाचे छायाचित्र काढवून घेई. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे छायाचित्रावरून एकेक वाघ ओळखता येतो.

८/ १९६०च्या दशकात जॉर्ज शॅलरने कान्हाच्या जंगलात जिवंत वाघांचा अभ्यास केला. १९९०च्या दशकात उल्लास कारंत यांनी नागरहोळेत पट्ट्यांच्या छायाचित्रांवरून वाघ मोजले. आज देशाची व्याघ्रगणना याच पद्धतीवर उभी आहे. यांपैकी कोणालाही वाघ मारावा लागला नाही.

९/ आता उलट उदाहरण. बाली बेटावरच्या वाघाला शास्त्रीय नाव मिळाले १९१२ साली, तेही कातडे आणि कवटी पाहून. १९३७ साली मारलेली एक मादी ही त्याची शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. संग्रहालयांत थोडी कातडी आणि कवट्या उरल्या. तो कसा जगत होता, हे जवळजवळ काहीच नोंदले गेले नाही.

१०/ बंदुकीच्या ‘ज्ञाना’ची परिणती ही अशी. म्हणून पेंढा भरलेल्या वाघाशेजारी ऐटीत उभ्या असलेल्या साहेबाचे जुने छायाचित्र पुन्हा समोर आले, तर त्याला अभ्यासक म्हणण्यापूर्वी एवढेच विचारावे : जिवंत वाघाविषयी याने काय सांगितले, आणि ते त्याला कोणी सांगितले होते?