भज्यांपुढे लाजणारी वाईन

गेल्या हिवाळ्यात नाशिकजवळच्या एका वायनरीत वाईन चाखायला गेलो होतो. चार ग्लासांसोबत लाकडी फळीवर चीजचे तुकडे, ऑलिव्ह आणि खारी बिस्किटं आली. काचेपलीकडे द्राक्षवेलींच्या ओळी, आणि कुठून तरी कांदाभज्यांचा वास. वाढणाऱ्या पोराला विचारलं, तर तो ओशाळून म्हणाला, "स्टाफच्या कँटीनमधली आहेत सर. इथं नाही देता येत."

माझं भांडण या 'इथं नाही'शी आहे.

चीजला माझी ना नाही. पण ज्या मातीत ही द्राक्षं होतात, तिथला माणूस आवडीने काय खातो याची लाज बाळगणारी वाईन मला उसनी वाटते. ही लाज चवीच्या ज्ञानातून आली असती, तर गप्प बसलो असतो. पण चव नेमकं उलट सांगते. तळणाला आंबट लागतं, हे आपल्या स्वयंपाकघराला कुणी शिकवावं लागलं नाही. तळलेल्या बोंबलावर आपण लिंबू पिळतो, मासळीसोबत सोलकढी पितो. चांगल्या पांढऱ्या वाईनचा आंबटपणा तेच काम करतो. जिभेवरचं तेलकटपण उतरतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. मिठामुळे वाईनचा आंबटपणाही मवाळ होतो.

कोथिंबीर वडीसोबत सोव्हिन्यॉ ब्लां घेऊन बघा. तिच्यातला कापलेल्या गवतासारखा हिरवा वास कोथिंबिरीशी लगेच सूत जमवतो. बटाटेवड्याला शेनिन ब्लां, आणि लसणाची चटणी जहाल असेल तर किंचित गोडसर शेनिन. कांदाभज्यांना कोरडी, फेसाळ वाईन. तुरट लाल वाईन मात्र तिखट भज्यांपासून लांब ठेवा. तुरटपणा आणि मिरची एकमेकींना पेटवतात. अनेक जण पहिल्यांदा नेमकी हीच जोडी लावतात आणि मग आपल्या जेवणाशी वाईनचं जमत नाही असं ठरवून मोकळे होतात.

स्पेनमध्ये अंदालुसियाच्या किनाऱ्यावर तळलेली लहान मासळी आणि थंडगार मान्झानिया शेरी ही साधी, जुनी जोडी आहे. शँपेनसोबत तळलेलं चिकन किंवा बटाट्याचे वेफर्स खाणारे जाणकार युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. आपण त्यांची फळी उचलली, पण त्यांचा बिनधास्तपणा तिकडेच राहिला.

या लाजेची किंमत मी घरात पाहिली आहे. दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर शेनिन ब्लां होती. वडील तिला 'चेनिन' म्हणत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग मण्यांतली साखर मोजायला येणारा कंपनीचा माणूस. 2008 साली मंदी आली, वर्ष संपता संपता मुंबईवर हल्ला झाला, आणि मोठी हॉटेलं ओस पडली. पुढच्या हंगामात ज्यांच्याशी आमचा करार होता, त्यांनी निम्मा माल उचललाच नाही. टाक्यांमध्ये आधीची वाईन पडून होती. ही द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची, बाजारात कोण घेणार? वडिलांनी बाग उपटली. मंदी कुणाच्या हातात नव्हती, कबूल. पण ज्या पेयाचं घर फक्त हॉटेलात होतं, त्याला हॉटेल बंद पडल्यावर जायला जागा उरली नाही. आसपासच्या गावांत, शहरांत त्याचं गिऱ्हाईक तयार करायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं चेनिन पिकवून वडिलांनी वाईनचा थेंब चाखला नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते आपल्यासाठी नसतं."

आता कुणी म्हणेल, भज्यांच्या आडून हा घरोघरी दारू पोचवायला निघालाय. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असंही ऐकवलं गेलं. ही लबाडी मला नको. वाईन ही दारूच आहे. तिच्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं आणि ती औषध नाही. जो पीत नाही त्याला मी पाजायला जाणार नाही. पण जो पितो, त्याने खाता खाता, बसून, दोन ग्लासांत आटपावं हे मी मोकळेपणाने सांगेन. घाईघाईने रिचवून वर चिमूटभर चखणा तोंडात टाकण्यापेक्षा ते कधीही बरं.

यंदा आषाढात आईने तळण काढलं. मी शेनिनची बाटली दोन तास फ्रीजमध्ये ठेवून वडिलांसमोर अर्धा ग्लास ठेवला. त्यांनी भजं खाल्लं, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग आणखी एक भजं, आणखी एक घोट. "लिंबू पिळल्यागत लागतंय," म्हणाले. जरा वेळाने विचारलं, "ही चेनिनच ना? काय भाव देतात आता?"

वायनरीवाल्यांनो, भावाचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. तोवर निदान त्या कँटीनमधली एक बशी बाहेर आणा.