निदानाआधीचं प्रश्नचिन्ह

बरेच दिवसांत इथे काही टंकलं नाही. आधी सलग सात दिवस ड्यूटी, मग ती झोप भरून काढण्यात गेलेले सात दिवस. परवा मात्र हॉस्पिटलमध्ये एक ट्रेनिंग झालं आणि तेव्हापासून डोक्यात एक भुंगा शिरलाय. इथे लिहून टाकलं म्हणजे तरी तो बाहेर पडेल अशी आशा आहे.

नवीन वाचकांसाठी थोडी प्रस्तावना. मी अमेरिकेत हॉस्पिटलिस्ट आहे, म्हणजे स्वतःचा दवाखाना न थाटता फक्त हॉस्पिटलात भरती झालेले पेशंट बघणारी डॉक्टर. हा शब्दच मुळी १९९६ साली जन्मला. ("अगं पण मग तू नक्की कशाची स्पेशालिस्ट?" असं मावशी अजूनही विचारते. मावशी, ज्यांचं काय बिघडलंय ते अजून कुणालाच कळलेलं नाही, त्यांची!)

ट्रेनिंगचा विषय होता क्लिनिकल डॉक्युमेंटेशन. साध्या मराठीत, केसपेपर कसा लिहावा. दुपारी बाराची वेळ, टेबलावर सँडविचेस, समोर वीस-पंचवीस डॉक्टर आणि त्यातले निम्मे मोबाइलमध्ये डोकं घालून. शिकवायला एक अनुभवी नर्सबाई. बरीच वर्षं आयसीयूत काढून त्या या कामाकडे वळलेल्या.

यात एवढं शिकवण्यासारखं काय, असं वाटेल. तर त्याचं मूळ पैशात आहे. मेडिकेअर ही इथली, प्रामुख्याने ६५ वर्षांपुढच्यांसाठीची सरकारी विमा योजना. १९८३ पासून ती हॉस्पिटलला पैसे देते ते पेशंट किती दिवस ठेवला यावर नव्हे, तर त्याचं निदान कोणत्या गटात बसतं यावर. निदानाला कोड लावतात कोडर, आणि त्यांना फक्त डॉक्टरने शब्दांत लिहिलेलंच धरता येतं. रक्तातलं सोडियम ११८ आलं, तुम्ही तीन दिवस त्याच्यामागे धावलात, पण 'हायपोनॅट्रेमिया' हा शब्द लिहिला नाहीत, तर कागदोपत्री तो आजार झालाच नाही. सोडियमपुढे खाली जाणारा बाण काढून भागत नाही. 'युरोसेप्सिस' हा तर आम्हा डॉक्टरांचा लाडका शब्द, पण कोडिंगच्या नियमांत त्याला अर्थच नाही. नुसता लघवीतला जंतुसंसर्ग म्हणायचाय की त्यातून झालेला सेप्सिस, ते डॉक्टरनेच सांगायचं. २०१५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आयसीडी-१० घेतलं आणि चौदा हजारांच्या आसपास असलेले निदानाचे कोड जवळजवळ सत्तर हजारांवर गेले. मग डॉक्टरांना शिकवणं आलंच.

खोटं कशाला बोलू, यातलं बरंचसं मला पटतं. नुसतं 'हार्ट फेल्युअर' लिहिणं हा आळसच आहे. अचानक झालंय की जुनं आहे, हृदय आकुंचन पावायला कमी पडतंय की सैल व्हायला, हे लिहायचं म्हटलं की विचार करावा लागतो, आणि औषधंही त्यावरच ठरतात. शिवाय पेशंट किती आजारी होता हे नीट लिहिलं नाही, तर कागदावर असं दिसतं की साधासुधा पेशंट आमच्या हातून दगावला. बाईंचं हे म्हणणं रास्त होतं.

मग निदान पक्कं माहीत नसेल तर काय लिहायचं? त्यावरही एक स्लाइड होती. 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड', 'लाइकली' असं लिहा, चालतं. भरती झालेल्या पेशंटसाठी नियमच तसा आहे. डिस्चार्जच्या वेळी निदान 'संभाव्य' म्हणून शिल्लक असेल, तर कोड मात्र तो आजार असल्यासारखाच लागतो. (ओपीडीत हे चालत नाही. तिथे नक्की माहीत नसेल तर फक्त लक्षणाचा कोड.) सगळ्यांनी माना डोलावल्या, पुढची स्लाइड आली. माझा घास मात्र घशातच अडकला. का, ते सांगते. पण त्यासाठी आधी मराठवाड्यात जावं लागेल.

मी शिकले ते तिथल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात. एका खाटेवर दोन पेशंट, तिसरा खाली सतरंजीवर. केसपेपर म्हणजे खरखरीत कागदांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. रोजच्या नोंदीत बहुतेकदा तीनच अक्षरं: सी.एस.टी. (मुंबईकरांनी दचकू नये, स्टेशन नव्हे. 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट'.) डॉक्युमेंटेशनच्या नावाने एकूण बोंबच होती. पण एक गोष्ट होती. निदानाच्या रकान्यात आजाराच्या आधी आम्ही प्रश्नचिन्ह काढायचो. '? टीबी'. '? एन्टेरिक फीवर'. आणि कशाचाच पत्ता लागत नसेल तर सरळ 'पी.यू.ओ.', म्हणजे कारण न सापडलेला ताप.

एकदा सरांवर छाप पाडायला म्हणून मी प्रश्नचिन्ह न काढता धडधडीत 'टीबी' लिहिलं. राऊंडला सर थांबले.

"थुंकीचा रिपोर्ट आला, बाई?"

"नाही सर."

"मग ते चिन्ह काढा परत. ते आहे तोवर पुढचा माणूस विचार करेल. पुसलंत की सगळे गोळ्या द्यायला मोकळे."

तेव्हा चार पोरांसमोर पाणउतारा झाला याचंच वाईट वाटलं होतं. सरांचं म्हणणं कळायला मला समुद्र ओलांडून यावं लागलं आणि एका पेशंटला त्याची किंमत मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा रात्री दोनला आले. धाप, खोकला, छातीतून सूंसूं आवाज. तरुणपणी सिगारेट ओढायचे. मी 'प्रॉबेबल सीओपीडी' लिहिलं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा, बहुतेकदा धूम्रपानाने होणारा आजार. नेब्युलायझर दिला, स्टिरॉइड दिलं, आणि छातीत थोडं पाणी वाटलं म्हणून लघवी होण्याचं इंजेक्शनही दिलं. चार दिवसांत बरे होऊन घरी गेले. फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, नंतर बाहेरून करून घ्या असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलं. ती काही झाली नाही.

वर्षभरात ते आणखी दोनदा भरती झाले. दोन्ही वेळा डॉक्टर वेगळे, पण कॉम्प्युटरवर आधीची नोंद पुढे ओढून घेतलेली. पहिल्या खेपेला 'प्रॉबेबल सीओपीडी' होतं. दुसऱ्या खेपेला नुसतं 'सीओपीडी'. तिसऱ्या खेपेला 'पूर्वीपासून सीओपीडी असलेला पेशंट'. दर वेळी स्टिरॉइड. रक्तातली साखर वाढली, इन्सुलिन सुरू झालं, पायावर सूज राहायला लागली. चौथ्या खेपेला ते पुन्हा माझ्याच वाट्याला आले, तेव्हा माझ्याबरोबरच्या रेसिडेंट मुलीने विचारलं, "यांची स्पायरोमेट्री कुठाय?"

शोधली. नव्हतीच. मग इको केला, आणि पुढे बरं वाटल्यावर स्पायरोमेट्रीही. श्वासनलिका अरुंद झाल्याची खूण नव्हती. हृदयाचा स्नायू कडक झाला होता आणि त्यामुळे फुफ्फुसात पाणी साचत होतं. म्हणजे पहिल्या खेपेला त्यांना आराम पडला तो बहुधा त्या लघवीच्या इंजेक्शनाने. सीओपीडी पहिल्यांदा लिहिलं कुणी, म्हणून आम्ही दोघी एकेक नोंद मागे जात राहिलो. सगळ्यात तळाशी, पहाटे तीनच्या नोंदीखाली माझं नाव होतं.

आजोबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग इतके दिवस मी तो पंप कशासाठी ओढत होतो?" याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला आजही माहीत नाही. इन्सुलिन पुढे कमी झालं, पण पूर्ण सुटलं नाही.

आता म्हणाल, तू तर शंका लिहिली होतीस, तुझी काय चूक? तीच तर गोम आहे. शंका लिहिली, पण ती कोण फेडणार, कधी, कशावरून, हे लिहिलं नाही. आणि 'प्रॉबेबल' या शब्दाला या व्यवस्थेत वजनच नाही. कोड लावताना तो गळतो, नोंद कॉपी करताना गळतो, आणि आजार तेवढा उरतो. आमच्या गठ्ठ्यावरचं ते वाकडंतिकडं प्रश्नचिन्ह निदान डोळ्यांत खुपायचं तरी.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६८ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये केसपेपर कसा असावा यावर लिहिलं. आजच्या नोंदींचा साचा बराचसा त्यांच्याच कामातून आलाय. पेशंटच्या तक्रारींची यादी करा, आणि जेवढं कळलंय तेवढंच लिहा, हा त्यांचा आग्रह. धापच कळली असेल तर 'धाप' लिहा, त्यापुढे उडी मारू नका. त्यांच्या लेखी केसपेपर हा डॉक्टरला वाट दाखवण्यासाठी आणि शिकवण्यासाठी होता. पुढे तो बिलासाठी झाला, आणि बिलाला प्रश्नचिन्ह परवडत नाही. २०१५ साली इथल्या नॅशनल अकॅडमीज संस्थेचा निदानातल्या चुकांवर मोठा अहवाल आला. जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी चुकीचं किंवा उशिरा झालेलं निदान येतं, असं त्यात म्हटलंय. मग निम्मं ट्रेनिंग त्यावर का नसावं?

पैशाचं महत्त्व मला कळतं. हॉस्पिटल बंद पडलं तर शंका घ्यायलाही कुणी उरणार नाही. बाईंवर तर माझा अजिबात राग नाही. त्यांची माणसं आम्हाला खुलासा विचारतात त्याचे नियमही चांगले आहेत. उत्तर सुचवायचं नाही, पैशाचा उल्लेख करायचा नाही, आणि पर्यायांत 'ठरवता येत नाही' हाही द्यायचा. पण त्या पर्यायावर टिचकी मारणारा डॉक्टर मी क्वचितच पाहिला. मीही मारत नसे. तसं कबूल करणं म्हणजे कमीपणा, असंच आम्ही शिकत आलो.

म्हणून मी ट्रेनिंगनंतर बाईंना थांबवून तीन गोष्टी सुचवल्या. एक, 'संभाव्य' लिहिलं तर शेजारी कशावरून वाटतं आणि कोणत्या तपासणीने ठरेल हे लिहायला शिकवा. दोन, जुनं निदान पुढे ओढण्याआधी त्याचा पुरावा उघडून बघायला शिकवा, आणि नसेल तर ते निदान खोडायलाही. कारण जोडायला सगळे तयार, खोडायला कुणी धजत नाही. तीन, आम्ही घरी पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे आम्हाला कळू द्या. मला ते केवळ योगायोगाने कळलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. पुढे काय होतं बघू.

आता हे सगळं इथे, घरच्या माणसांसाठी का लिहितेय? कारण भारतातही केसपेपर भराभर कॉम्प्युटरवर चाललेत आणि कॅशलेस विम्यामुळे तिथेही निदानाचा शब्द पैशाला बांधला जातोय. सोय होईल, अक्षर लागेल, सगळं खरं. पण ते प्रश्नचिन्ह वाटेत हरवू नये. तेव्हा मावशी, काका, आणि सगळेच, पुढच्या वेळी हातात डिस्चार्ज कार्ड पडेल तेव्हा गोळ्यांच्या वेळांबरोबर आणखी एक विचारा: "डॉक्टर, हे निदान पक्कं की संशय? कशावरून ठरलं?" चांगला डॉक्टर चिडणार नाही. चिडलाच, तर मला फोन करा. :-)

असो. ब्लॉगवाल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वॉर्डात अजून प्रश्नचिन्ह काढतात का? जरूर कळवा.