शुभ्र दातांचा हव्यास

खानदेशातून येऊन सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत स्थिरावलेल्या आपल्या कित्येक घरांत सकाळी अजूनही मिश्रीची डबी निघते. म्हणे, दात स्वच्छ होतात! मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने व्यसन जडते, मुखाच्या कर्करोगाचे भय वाढते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे.

तरुणांचे लिंबू, मीठ नि कोळसा हेही आम्हांस मान्य नाहीत. आम्लाने व घर्षणाने दातांवरील कवच झिजते, ते पुन्हा येत नाही. आणि आतला थर मुळातच पिवळसर! म्हणजे शुभ्रतेसाठी घासावे, तो दात अधिकच पिवळे. मऊ ब्रश व हलका हात पुरे.

नातवंडांनी आजीजवळ ती डबी मागावी. ती रागावेल, पण कदाचित देईलही.