जॉब कार्डवर न लिहिलेली स्प्रिंग

गेल्या काही महिन्यांत या मासिकाकडे अलाइनमेंट सेंटरवाल्यांची जी पत्रे आली, त्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. ग्राहक लोअरिंग स्प्रिंग किंवा लिफ्ट किट बसवतो, अलाइनमेंट करून घेतो, प्रिंटआउटवर टो हिरवा येतो. काही हजार किलोमीटरनंतर तोच ग्राहक आतल्या बाजूने तार दिसेपर्यंत घासलेले टायर घेऊन दारात उभा राहतो. अलाइनमेंटमुळे झालेली घासण वॉरंटीत बसत नाही, म्हणून टायर कंपनी हात वर करते. मग सगळा दोष मशीनवर काम केलेल्या कारागिरावर येतो.

त्या दिवशीचा हिरवा आकडा बहुधा खराच असतो. पण नवी स्प्रिंग पुढच्या काही दिवसांत आणखी बसते. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असतानाच आवळले असतील, तर पिळलेले बुश गाडीला काही काळ वर धरून ठेवतात आणि नंतर सोडतात. उंची बदलली की टो सरकतो. एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला, तर ते चाक किलोमीटरमागे सुमारे ४.४ मीटर आडवे घासते. मुंबई–पुणे अशा दीडशे किलोमीटरच्या एका फेरीत हा हिशेब साडेसहाशे मीटरवर जातो. दोष मात्र सरसकट कॅम्बरला दिला जातो. ट्रेडवरून बोटे आडवी फिरवून करवतीसारखी धार लागते का, एवढे पाहण्याचे कष्टही अनेक ठिकाणी कोणी घेत नाही.

स्विफ्टसारख्या गाडीत पुढचा कॅम्बर कंपनीने अ‍ॅडजस्टेबल ठेवलेला नाही. म्हणून तो लाल दिसला तरी तसाच सोडून बिल फाडले जाते. स्ट्रट आणि नकलमधला एक बोल्ट बदलून कॅम्बर बोल्ट टाकता येतो, त्याने अंश-दीड अंशाची दुरुस्ती मिळते, हे या धंद्यातल्या कोणाला नव्याने सांगायला नको. कॅम्बर हलवल्यावर टो पुन्हा लावावा लागतो, हेही नको. तरीही टो आधी आणि कॅम्बर नंतर, असा उलटा क्रम आजही चालतो.

जिम्नीची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये ती भारतात विक्रीला आली आणि दोन इंची लिफ्टची लाट सुरू झाली. गाडी उचलली की पुढचा अखंड अ‍ॅक्सल आर्मबरोबर फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो, स्टिअरिंगचा मध्य हलतो. हायवेवर गाडी भरकटते म्हणून ग्राहक तीन-तीन ठिकाणी टो लावून घेतो. उपाय कॅस्टर करेक्शन बुशमध्ये आणि लांबी बदलता येणाऱ्या पॅनहार्ड रॉडमध्ये आहे. टाय रॉड कितीही फिरवला तरी तो सापडणार नाही.

हे सगळे माहीत असूनही नीट काम होत नाही, कारण स्प्रिंग बदलल्याची नोंद कोठेच नसते.

नोंद न होण्याचे मूळ कायद्याच्या धास्तीत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आरसीवरील तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण आरसीवर स्प्रिंगचा रकाना नाही, गाडीच्या उंचीचाही नाही. मग वीस मिलिमीटरची लोअरिंग स्प्रिंग हा बदल आहे की नाही? एक अधिकारी सोडतो, दुसरा पावती फाडतो. या धास्तीने मालक म्हणतो, "कार्डावर लिहू नका," आणि गॅरेजवाला लिहीत नाही. पुढच्या अलाइनमेंट सेंटरला मूळ उंची कळत नाही. तिथला कारागीर कंपनीचे आकडे लावतो आणि टायर जातो.

परिवहन विभागाने या कोंडीत लक्ष घालायलाच हवे. मंजूर सीएनजी किट आरसीवर चढते. त्यासाठी चाचणी, प्रमाणपत्र, नोंद अशी सगळी यंत्रणा देशात आहे, आणि पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे. जर्मनीत लोअरिंग स्प्रिंगसोबत तांत्रिक प्रमाणपत्र येते. ती स्प्रिंग कोणत्या मॉडेलला, कोणत्या अटींवर चालते हे त्यात छापलेले असते आणि गरज असेल तिथे तज्ज्ञ गाडी तपासून कागदावर नोंद करतो. गॅसची टाकी नोंदवता येते, तर तपासलेली स्प्रिंग नोंदवायला अडचण कसली? सरसकट धाक दाखवून बदल थांबलेले नाहीत. ते फक्त कागदावरून गायब झाले आहेत, आणि घासलेल्या टायरने पावसात ब्रेक मारणारी गाडी रस्त्यावर तशीच आहे.

विभाग हलेपर्यंत थांबू नये. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचे माप घ्यावे आणि ते जॉब कार्डवर लिहावे. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळावेत. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट ग्राहकाच्या हाती द्यावेत, लाल आकडे झाकू नयेत. हजार किलोमीटरनंतरची फेरतपासणी बिलातच धरावी. ग्राहक नोंदीला नकार देत असेल, तर काम नाकारावे. त्या दिवसाचे हजार-बाराशे रुपये जातील, जाऊ द्यावेत.

आणि एक विनंती. अशा गाड्यांच्या जॉब कार्डांच्या प्रती, नाव आणि नंबर खोडून, या मासिकाकडे पाठवाव्यात. मॉडेल, किती खाली-वर केली, चारही मापे, दोन्ही प्रिंटआउट आणि घासलेल्या ट्रेडचा फोटो, एवढे त्यात असावे. हा गठ्ठा परिवहन आयुक्त कार्यालयात आणि एआरएआयमध्ये नेऊन ठेवायचा आहे. पत्ता नेहमीचाच.